ऐकणारी माणसं : केडगाव ते जामखेड, चार दिवस

सासूबाईंना जाऊन जानेवारीत वर्ष झालं. शेवटची साडेसहा वर्षं त्या अंथरुणातच होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. दफनाच्या दिवशी कबरेपाशी पाळकांनी माझा उल्लेख 'आज्ञाधारक सून' असा केला. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी माना डोलावल्या, कुणी माझा हात दाबला. मला मात्र तो शब्द तेव्हापासून सलत राहिला. रात्री तीन वाजता ओली चादर बदलताना मी कुणाचीही आज्ञा पाळत नव्हते. कित्येकदा तर दातओठ खातच बदलली होती.

स्मरणदिनाची उपासना झाली आणि नणंद, म्हणजे आमच्या ताई, म्हणाल्या, "आईला केडगावला जायचं होतं शेवटी. राहूनच गेलं. आपण दोघी जाऊन येऊ."

सासूबाईंची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी ती एक. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. आमच्या घरात गुजराती कुणाला येत नाही. पण कुणी ताटावर बसून घाईघाईने घास कोंबायला लागलं की सासूबाई म्हणायच्या, "हळू रे, छप्पनियातून आलास का?" सव्वाशे वर्षांत एवढा एक शब्द टिकलाय.

जामखेड मी जोडलं. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा ड्रेसिंगला येणारी परिचारिका जामखेड तालुक्यातली होती. तिथल्या खेड्यांत आरोग्याचं काम उभं करणाऱ्या आरोळे डॉक्टरांच्या गोष्टी तिने आम्हाला कापूस-पट्टी करता करता सांगितल्या होत्या. मग वाटेत नगर आलंच.

पहिला दिवस, शनिवार : केडगाव

पुण्याहून सकाळची दौंडची गाडी धरली. उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. यवत सोडल्यावर खिडकीतून गुऱ्हाळाचा वास यायला लागला. या भागात ऊस आणि गुऱ्हाळं दोन्ही भरपूर. थंडीच्या दिवसांत उकळत्या रसाचा वास शेतांवर धुक्यासारखा बसलेला असतो. ताईंनी खिडकी पूर्ण उघडली आणि डोळे मिटून बसल्या.

एक सांगून ठेवते, कारण आमच्या ओळखीतले एक कुटुंब यात फसलंय. केडगाव दोन आहेत. नगर शहराला लागून एक केडगाव आहे, रेणुकामातेच्या मंदिराचं. मुक्ती मिशन तिथे नाही. ते दौंड तालुक्यातल्या केडगावात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. आणि आधी फोन करून, वेळ ठरवूनच जा. तिथे मुली, बायका, म्हाताऱ्या राहतात, त्यांचं ते घर आहे. फोटो काढू नका. काही न्यायचं असेल तर काय हवंय ते आधी विचारा; आम्ही विचारलं, तर मिठाईऐवजी अंगाचे साबण सांगितले.

"सलाम" म्हणून आमचं स्वागत झालं आणि हातात गुळाचा चहा आला. आम्हाला फिरवणाऱ्या बाई तिथेच वाढलेल्या. त्यांनी कुठलीही तारीख आठवायला वेळ घेतला नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल आपण शाळेत थोडंफार वाचलेलं असतं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली विशीतली मुलगी, पुढे लग्नानंतर दोनेक वर्षांतच विधवा झालेली, लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेलेली, १८८३ साली तिथे बाप्तिस्मा घेतलेली. १८८९ साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा, पुढच्या वर्षी ती पुण्यात. पण केडगाव कसं उभं राहिलं हे तिथल्या जमिनीवर उभं राहून ऐकलं तेव्हा अंगावर आलं.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला होता. रमाबाईंकडे तेव्हा पैसा नव्हता. अमेरिकेतल्या मदतनीसांनी दिलेलं दहा वर्षांचं वचन १८९८ मध्ये संपणार होतं. शहाण्या माणसाने हात आखडता घेण्याचे दिवस. पण रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. स्वतः त्या भावाबरोबर उपाशीपोटी हजारो मैल पायी फिरल्या होत्या. त्या निघाल्या. तिकडच्या दुष्काळी छावण्या पाहिल्या, तिथे पोरीबाळींचं काय होतंय ते पाहिलं आणि तीनशे मुली वाचवायच्या असं मनाशी धरलं. त्या मुलींना पुण्यात ठेवावं तर तिथे प्लेग. नव्या माणसांना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून केडगावची शेतजमीन. नुसती जमीन, विहिरी आणि तंबू. तिथे मुक्ती उभी राहिली. तीन वर्षांनी गुजरात-काठेवाडात छप्पनचा दुष्काळ पडला आणि पुन्हा माणसं पाठवली गेली. १९०० च्या सुमारास इथे जवळजवळ दोन हजार जीव जेवत होते.

"दोन हजार पानं," ताई म्हणाल्या. "रोज."

आणि हीच बाई कुणाचं ऐकत नव्हती. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती मठातल्या ज्या भगिनींनी तिला आसरा दिला त्यांनाच तिने लिहून कळवलं होतं की पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. प्लेगच्या काळात इस्पितळात बायकांची जी अवस्था होत होती त्याबद्दल तिने जाहीर पत्र लिहिलं आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. आपल्या लोकांशीही तिचं बिनसलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत या वादात १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मला आजही समजते. परक्या घरी ठेवलेल्या मुलीची काळजी कुणाला वाटणार नाही? पण बिशप, सरकार, समाज अशा तिघांनाही नाही म्हणणाऱ्या बाईला आमच्या उपदेशांत मात्र आज्ञापालनाचा नमुना म्हणून उभं करतात. मी तो उपदेश लहानपणापासून ऐकत आले आणि त्यातली ही गाठ मला कधी दिसलीच नव्हती.

ती सुटायला सुरुवात झाली अंध बायका राहतात त्या भागात. रमाबाईंनी अंधांसाठी सुरू केलेल्या सदनाचं नाव बर्तीमी सदन, यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयावरून. व्हरांड्यात उन्हाला बसलेल्या एक आजी लोकर गुंडाळत होत्या. मी पुढे होऊन सलाम केला तर म्हणाल्या, "दोघी आहात. एकीचा उजवा गुडघा दुखतोय." ताईंचा गुडघा खरंच धरलेला होता. "पावलाच्या आवाजावरनं," आजी म्हणाल्या. "बस बाई, उभी नको राहूस." आणि स्वतः सरकून त्यांनी बाकावर जागा केली.

मग आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी सहज सांगितलं की रमाबाईंनाही पुढे नीट ऐकू येत नव्हतं. इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायच्या इच्छेने, पण कानांमुळे ते राहून गेलं. मी तिथेच थबकले. आपल्या मराठीत 'ऐकणं' म्हणजे कानावर पडणंही आणि मानणंही. 'पोरगं ऐकत नाही' म्हणताना आपण त्याच्या कानांबद्दल बोलत नसतो. हिब्रूतही तसंच आहे. 'शमा' या एकाच शब्दात ऐकणं आणि पाळणं दोन्ही येतं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. सगळं पवित्र शास्त्र त्यांनी मुळातून मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. हा शब्द त्यांच्या हाताखालून किती वेळा गेला असेल! ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी प्रभूकडे दहा दिवस मागून घेतले होते, असं सांगतात. त्याआधी वर्षही झालं नव्हतं मनोरमाबाईंना जाऊन. एकुलती मुलगी, उजवा हात. आणि तरी मुद्रितं.

सासूबाईंच्या आजीचं नाव शोधावं असं मनात होतं. पण आम्हाला माहीत होतं ते मिशनमधलं नाव. गुजरातेतून येताना तिचं नाव काय होतं हे घरात कुणाला ठाऊक नाही, तर शोधणार काय? ताईंनी चर्चच्या भिंतीला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि आम्ही निघालो. दौंडमार्गे रात्री नगरला पोचलो.

दुसरा दिवस, रविवार : नगर

कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बसस्टँडवर हाका अजून "नगर, नगर" अशाच येतात. सकाळी थंडी चांगलीच होती. शाल विसरू नका. इथली थंडी कोरडी असते आणि ऊन पडेपर्यंत हाडांत बसते.

उपासनेला गेलो. अमेरिकन मराठी मिशनची जुनी मंडळी, पेटी आणि तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. बाजूच्या बाईंनी मी मागितलं नसताना भजनाचं पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं. बाहेर आल्यावर त्यांनीच फरारबाईंचा विषय काढला.

सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या, अविवाहित, एकट्या. पुढे १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. जवळजवळ पस्तीस वर्षं. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या त्या याच फरारबाईंकडे. एवढं मोठं काम ज्यांच्या हातून पुढे गेलं त्या बाईंचं नाव किती जणांना माहीत आहे? मुली शाळेत यायच्या नाहीत, आल्या तर लग्न होऊन जायच्या, आणि बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा उघडायच्या. मोठा प्रसंग एकही नाही. मला हे फार जवळचं वाटलं, कारण माझ्याही साडेसहा वर्षांत प्रसंग असा एकही नव्हता. कूस बदलणं, पेज भरवणं, पुन्हा कूस बदलणं.

दुपारी त्याच बाईंनी घरी जेवायला नेलं. हुलग्याची शेंगोळी, वर कच्चं तेल, बाजरीची भाकरी, ठेचा. शेंगोळीचा रस्सा प्यायला त्यांनी चमचा दिला तो मी बाजूला ठेवला आणि वाटी तोंडाला लावली. ताईंनी तीनदा घेतली. संध्याकाळ नुसती झोपण्यात गेली.

तिसरा दिवस, सोमवार : जामखेड

नगर ते जामखेड साधारण पंचाहत्तर किलोमीटर, कडा-आष्टीवरून. एसटी आहेत, पण आम्हाला लवकर पोचायचं म्हणून आम्ही वडाप जीपमध्ये बसलो आणि कड्याच्या अलीकडे टायर बसला. जादाचा टायरही फुसका. ड्रायव्हर पोरगा दुसऱ्याच्या मोटरसायकलवर टायर घेऊन गेला तो दीड तास आला नाही.

रस्त्याकडेच्या ज्वारीच्या रानात एक कुटुंब हुरडा भाजत होतं. म्हातारीने आम्हा सगळ्या उतारूंना हाक मारली. "उन्हात काय करता? या की." गोवऱ्यांच्या आरात खुपसलेली कणसं, तिच्या सुनेच्या तळव्यांत चोळली जाणारी, आणि तळहात पुढे केला की त्यावर पडणारे हिरवे, गरम, दुधाळ दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि केडगावहून आणलेला आमचा गूळ. पैसे घ्यायला म्हातारी तयार होईना. हा भाग दुष्काळाचा म्हणूनच सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे आठ अनोळखी माणसं दीड तास खात बसली होती.

आरोळे डॉक्टरांच्या जामखेडच्या आरोग्य प्रकल्पालाही आधी कळवून जावं लागतं. तिथे देशोदेशींची माणसं शिकायला येत असतात, त्यामुळे अचानक गेलात तर कुणाला वेळ असेलच असं नाही.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, राहुरीत वाढलेले. मेबलबाई जबलपूरच्या. वेल्लोरला ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात भेटले, १९६० साली लग्न केलं आणि लग्नातच ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी. वडाळा मिशनच्या इस्पितळात काम केलं. तिथे त्यांना दिसलं की बरी करून पाठवलेली माणसं त्याच दुखण्याने परत येतात. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली जामखेडला आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं.

त्यांनी गावांना विचारलं, काय हवं? गावांनी दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितलं. दोन डॉक्टर, परदेशी शिकलेले, यांनी ते ऐकलं आणि १९७२ च्या दुष्काळात मुलांसाठी अन्न शिजवायला आणि विंधनविहिरी घ्यायला लागले. बोअर कुठे घ्यायची याचा प्रश्न आला तेव्हा दलित वस्तीतल्या जागा धरल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. वेगवेगळ्या जातींचे पुरुष एकत्र यावेत म्हणून डॉक्टर त्यांच्याशी व्हॉलीबॉल खेळायचे. १९७१ साली या गावांत हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. वीसेक वर्षांत तो आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला.

हे ज्यांनी केलं त्या गावातल्या बायका. प्रत्येक गावाने आपली एक आरोग्य कार्यकर्ती निवडायची. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यातल्या एक आजी आम्हाला भेटल्या. सत्तरी पार, नऊवारी, हातात काठी पण ती जमिनीला क्वचितच लागत होती.

"पहिल्या दिवशी डाक्टरबाईनं नाव विचारलं तर मला माझं नाव तोंडातून निघंना," त्या म्हणाल्या. "घरी मला नावानं कोण हाक मारतंय? अगं ए, नाहीतर अमक्याची आई. रात्री इथंच निजायचो आम्ही. मराठ्याची, माळ्याची, महाराची, एका वाकळेखाली. पहिल्या राती कुणाला झोप नाही. तिसऱ्या राती थंडीनं समद्या जवळ सरकल्या."

मी विचारलं, बाळांना काय द्यायचात? त्यांनी उत्तर दिलं नाही. पाण्याचा तांब्या मागवला, मीठ आणि साखर मागवली. तीन बोटांच्या टोकांत मिठाची चिमूट धरून ती तांब्यात सोडली. मग साखरेची मूठ. बोटं वाकडी झालेली, पण मूठ घट्ट. ढवळून आधी स्वतः चाखलं आणि मग माझ्या तळहातावर ओतलं. "डोळ्याच्या पाण्याइतकं खारट. त्याच्यापरीस जास्त झालं तर फेकून द्यायचं. आधी लोक हगवण लागली की लेकराचं पाणी तोडायचे. सासवा ऐकायच्या न्हाईत. मी म्हणायची, मामी, तुमी पाजा, मी हितंच बसते. सांजपातूर बसायची."

"आणि सासू ओरडली तर?"

"वरडूं दे की. लेकरू रडतंय ते ऐकायचं का तिचं ऐकायचं?"

मग त्यांनी माझं विचारलं. मी सांगितलं सगळं, साडेसहा वर्षांचं. चिडून केलं तेही सांगितलं, जे मी पाळकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी समजूत घातली नाही. एकच प्रश्न विचारला, तोही अगदी कामाचा. "पाठीला फोड आले तवा काय केलंस?"

"हवेची गादी आणली. पंपाची."

"मग आता ती गादी कुणाकडं हाय?"

माळ्यावर, मी म्हणाले. गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत. आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "व्हय का." एवढंच. नंतर त्या आम्हाला जयपूर फूट बनवतात ती कार्यशाळा दाखवायला घेऊन गेल्या. तिथे एक माणूस पायाच्या साच्यावर कानस फिरवत होता आणि दर थोड्या वेळाने थांबून समोर बसलेल्या शेतकऱ्याला विचारत होता, "हितं लागतंय का? हितं?" शेतकरी नाही म्हणेपर्यंत तो कानस खाली ठेवत नव्हता.

चौथा दिवस, मंगळवार : परत

जामखेडहून सकाळची पुण्याची बस. थंडी, धुकं, पुढच्या सीटवर कोंबड्यांची पाटी. ताई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. बसमध्ये कुणी कुणाशी फारसं बोललं नाही आणि मलाही ते बरं वाटलं. या वाटेने जाणाऱ्यांनी पाणी आणि काहीतरी खायला जवळ ठेवावं. बस मधे थांबते पण कुठे थांबेल ते तिच्या मनावर.

घरी आल्यावर आंघोळसुद्धा न करता स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पिशवी काढली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा पडून आहेत, दिवाळीपासून. जिन्यात त्यांची सून भेटते, डोळ्यांखाली काळं आलेलं. आम्ही "बरं आहे ना" विचारतो आणि ती "हो" म्हणते. पाठीचं मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मीच विचारायला हवं होतं, सगळ्या इमारतीत मीच.

गादी बाल्कनीत पसरून साबणाच्या पाण्याने दोनदा पुसली, वाळवली. पंप लावला. तो चालला, पण एका कप्प्यात हवा थांबेना. पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली, टीव्ही बंद करायला सांगितलं. मग फरशीवर आडवी झाले आणि कान गादीला लावून एकेक कप्पा सरकत गेले, कुठून सूं येतंय ते शोधत.